‘मदरबोर्ड गेला’ म्हणणाऱ्याला विचारा: काय लावून बघितलंत?

प्रश्न असा आहे: मी चिपळूणला राहतो, निवृत्त शिक्षक आहे. २०१९ साली जोडून घेतलेला डेस्कटॉप आहे. आठव्या पिढीचा आय-थ्री प्रोसेसर, ४ जीबी रॅम, १ टीबी हार्ड डिस्क, विंडोज १०. यंदाच्या पावसाळ्यापासून सकाळी बटण दाबलं की पंखा फिरतो, पण स्क्रीन काळीच राहते. चार-पाच वेळा बंद-चालू केल्यावर सुरू होतो. तारीख कधीकधी २०१८ ची दाखवतो आणि मग बँकेची साइट उघडत नाही. चालू झाल्यावरही इतका मंद की बटण दाबून चहा पिऊन यावं. एकाने फॉरमॅट मारला, पंधरा दिवस बरा चालला. दुसरा म्हणतो मदरबोर्ड गेलाय, शिवाय विंडोज १० बंद झालं, आता नवीनच घ्या. नातवंडांचे फोटो आणि सोसायटीचे हिशोब त्यात आहेत. मुलगा पुण्याहून एनीडेस्कवरून, म्हणजे दुरून मशीन हाताळायच्या सॉफ्टवेअरवरून, बघतो, तेही सुरक्षित आहे का?

उत्तर:

सर, तुमच्या मशीनला एक नाही, तीन वेगवेगळे आजार आहेत. ते एका दमात सांगितले की ऐकणाऱ्यालाही एकच मोठं औषध सुचतं: फॉरमॅट, नाहीतर नवीन. मी एकवीस वर्षं रत्नागिरी जिल्ह्यात हेच काम करतोय. ‘फॉरमॅट मारू’ आणि ‘मदरबोर्ड गेला’ ही दोन वाक्यं आमच्या धंद्यात कधी बोलली जातात ते मला चांगलं माहीत आहे. दर वेळी त्यात लबाडी असते असं नाही. बाहेर दुसरं गिऱ्हाईक थांबलेलं असतं आणि नीट शोधायला लागणारा तासभर हातात नसतो, इतकंच.

तुमच्या वर्णनातून एक गोष्ट मात्र लगेच सांगता येते. काळ्या स्क्रीनवर फॉरमॅट हा उपाय होऊच शकत नव्हता. बटण दाबल्यापासून बोर्डाच्या कंपनीचं चिन्ह दिसेपर्यंत जे काही बिघडतं त्याचा विंडोजशी काडीचा संबंध नसतो. तिथवर हार्ड डिस्क वाचायला सुरुवातच झालेली नसते. आणि जो बोर्ड पाचव्या प्रयत्नाला उठतो आणि दिवसभर काम करतो, त्याला ‘गेला’ म्हणणं मला तरी घाईचं वाटतं.

पुढचं सांगण्याआधी मलाच तुम्हाला एक विचारायचंय. २२ जुलै २०२१ च्या पुरात हे मशीन पाण्यात होतं का? चिपळूणच्या मशीनला मी हे पहिलं विचारतो. पाण्यात गेलेलं असेल तर माझं अर्ध्याहून जास्त उत्तर बदलेल. गाळाच्या पाण्यातून वाचलेले बोर्ड दोन-तीन वर्षं चालतात, पण चिपांच्या पायांशी हिरवट-पांढरा गंज हळूहळू चढत राहतो आणि दमट हवा आली की असेच रुसवे सुरू होतात. अशा बोर्डावर फार खर्च करू नये. त्या पुरानंतर माझ्याकडे आलेल्या मशीनपैकी जी लोकांनी बंद ठेवून आणली त्यातली बरीच धुऊन, वाळवून उठली. ‘चालतंय का बघू’ म्हणून ज्यांनी ओलं असतानाच बटण दाबलं, त्यांची बहुतेक तिथेच संपली. तुमचं मशीन वरच्या मजल्यावर सुखरूप होतं असं धरून पुढे लिहितो.

कॅबिनेट उघडायच्या आधी फोटो आणि हिशोब बाहेर काढा. मशीन ज्या दिवशी सुरू होईल त्या दिवशी दुसरं कुठलंही काम न करता पहिल्यांदा हेच. बाहेरची हार्ड डिस्क घ्या, मुलाची असेल तर ती मागवा. पेनड्राइव्हवर एक प्रत टाकायला हरकत नाही, पण तेवढ्यावर विसंबू नका. नेआण करायला ती ठीक, जपून ठेवायला नाही. कॉपी करताना लोक डी ड्राइव्ह उचलतात आणि डेस्कटॉपवरचं, डाउनलोड्समधलं, माय डॉक्युमेंट्समधलं विसरतात. हे तिन्ही बहुतेक घरांत सी ड्राइव्हमध्ये असतात आणि फॉरमॅटमध्ये पहिल्यांदा तेच जातात. हिशोब टॅलीत असतील तर टॅलीमधून बॅकअप घ्याच, शिवाय तिचा डेटा फोल्डरही उचला.

कॉपी चालू असताना कॅबिनेटला कान लावा. ठरावीक अंतराने टिक्-टिक् असा घड्याळासारखा आवाज येत असेल, किंवा एखाद्या फोल्डरपाशी कॉपी तासन्‌तास अडकत असेल, तर थांबा आणि मशीन बंद करा. अशा वेळी हौसेने डिस्क तपासणीचा चेकडिस्क चालवणारे खूप भेटतात. तसं करू नका. चेकडिस्क फाइलींची मांडणी दुरुस्त करतो, बिघडलेलं यंत्र नाही. मरायला टेकलेल्या डिस्कवर तो चालवणं म्हणजे दम लागलेल्या माणसाला जिने चढायला लावणं आहे. अशी डिस्क डेटा काढणाऱ्या जाणकाराकडे जशीच्या तशी द्यायची असते.

डिस्क शांत असेल तर क्रिस्टल डिस्क इन्फो नावाचं फुकट सॉफ्टवेअर टाका. ते डिस्कने स्वतः ठेवलेली नोंद वाचून दाखवतं. निळं ‘गुड’ दिसलं तर ठीक. पिवळं ‘कॉशन’ दिसलं तर बहुधा रिअलोकेटेड किंवा पेंडिंग सेक्टर या नोंदीपुढे शून्याऐवजी आकडा असेल. म्हणजे डिस्कचे काही तुकडे निकामी झालेत. आकडा आठवड्याभरात वाढला तर त्या डिस्कवरचा विश्वास काढून घ्या, कितीही फॉरमॅट केली तरी.

आता काळी स्क्रीन. आधी एक फुकटातली परीक्षा. स्क्रीन काळी असताना मिनिटभर थांबून कीबोर्डचं नम लॉक दाबा. दिवा लागतो-विझतो का? तसं होत असेल तर मशीन आत चालू झालेलं आहे आणि दोष मॉनिटर, केबल किंवा डिस्प्लेच्या वाटेवर आहे. मॉनिटरची केबल दोन्ही बाजूंनी काढून पुन्हा घट्ट बसवा. दिवा ढिम्म राहिला तर मशीन उठलेलंच नाही, आणि मग माझा पहिला संशय रॅमवर जातो. कोकणात तर जातोच.

रॅमच्या पट्टीला खालच्या कडेने सोनेरी दात असतात. दमट हवेत त्यावर आणि स्लॉटच्या पात्यांवर डोळ्याला जेमतेम दिसेल असा थर धरतो आणि संपर्क तुटक होतो. पावसाळ्यात सुरू झालेली, चार-पाच वेळा बंद-चालू केल्यावर जाणारी काळी स्क्रीन बहुतेक वेळा हीच असते. जून ते सप्टेंबर माझ्या टेबलावर या तक्रारीची रांग असते आणि निम्म्याहून जास्त मशीन एका खोडरबरवर बरी होऊन जातात. खोडरबरचे पैसे मागताना मलाही जरा संकोच वाटतो. पण लोक पैसे देतात ते कुठे घासायचं हे माहीत असण्याचे.

हे घरीही करता येईल. भिंतीवरचा स्विच बंद करा, मागची पॉवर केबल काढा, मग समोरचं बटण दहा सेकंद दाबून धरा, म्हणजे आत उरलासुरला करंट निघून जातो. डाव्या बाजूचं झाकण उघडा. हात लावण्याआधी आतला फोटो काढून ठेवा, कुठली वायर कुठे होती हे नंतर आठवत नाही. रॅमच्या टोकाचं कुलूप बाजूला दाबलं की पट्टी वर येते. दोन्ही बाजूंचे सोनेरी दात पांढऱ्या मऊ खोडरबरने हलके पुसा, भुगा ब्रशने झाडा आणि दातांना बोट न लावता पट्टी परत बसवा. पट्टीतली खाच आणि स्लॉटमधला उंचवटा जुळला पाहिजे आणि टोकाला ‘टक्’ असा आवाज आला पाहिजे. नवखे लोक तो आवाज यायच्या आधीच थांबतात, भीतीपोटी. शेजारी दुसरा स्लॉट मोकळा असेल तर पट्टी त्यात लावूनही बघा. पॉलिश पेपरने घासलेल्या रॅमही माझ्याकडे आल्या आहेत. सोन्याचा मुलामा एकदा गेला की खालचा धातू काळा पडणारच, तेव्हा तो पराक्रम नको.

आत हात घातलाच आहे तर धूळही काढा. रंगाचा कोरा ब्रश आणि ब्लोअर पुरे. हवा मारताना पंख्याचं पातं बोटाने धरून ठेवा, वाऱ्यावर गरगर फिरू देऊ नका. आणि हो, पालीची अंडी किंवा मुंग्यांचं वारूळ निघालं तर दचकू नका. मागच्या उघड्या खाचांतून ही मंडळी उबेला येतात. त्या खाचांना पत्रे लावून घ्या.

नाण्याएवढा एक चपटा सेलही बोर्डावर दिसेल. त्यावर सीआर २०३२ असं लिहिलेलं असतं. तुमची २०१८ ची तारीख इथून येते. हा ३ व्होल्टचा सेल संपला की वीज गेल्यावर बोर्ड घड्याळ आणि स्वतःच्या सेटिंग विसरतो. तारीख चुकली की ब्राउझरला बँकेच्या साइटचं सुरक्षा प्रमाणपत्र ‘अजून सुरूच झालेलं नाही’ असं दिसतं आणि तो दार उघडत नाही. म्हणजे बँकेचा दोष नाही, इंटरनेटचाही नाही. मेडिकलच्या किंवा घड्याळाच्या दुकानात चांगल्या कंपनीचा सेल मिळतो. अधिकची बाजू वर ठेवून बसवा, मशीन सुरू झाल्यावर तारीख लावा. विंडोजमध्ये ड्राइव्हवर बिटलॉकरचं कुलूप असेल तर सेलला किंवा बायोसला (बोर्डाच्या स्वतःच्या सेटिंगला) हात लावण्याआधी त्याची ४८ आकडी रिकव्हरी की लिहून घ्या. तुमच्या घरी जोडलेल्या विंडोज १० मध्ये बहुधा ते नसेल. नव्या लॅपटॉपमध्ये मात्र मायक्रोसॉफ्ट खात्याने साइन इन केलं की कुलूप आपोआप लागतं आणि लोकांना त्याचा पत्ताही नसतो. ती की त्याच खात्यात ऑनलाइन साठवलेली असते.

जे घरी रोज रात्री भिंतीचा स्विच बंद करतात त्यांचा सेल लवकर संपतो, कारण एरवी घड्याळ एसएमपीएसच्या, म्हणजे मशीनला वीज पुरवणाऱ्या डब्याच्या, मंद करंटवर चालत असतं. तरी ऑक्टोबरच्या परतीच्या पावसात विजा कडाडतात तेव्हा स्विच बंद करून प्लगच काढलेला बरा. सेल सहज बदलता येतो, बोर्ड नाही. इंटरनेटची लॅन केबलही काढा. वीज नेहमी मीटरमधूनच येते असं नाही.

रॅम पुसली, सेल बदलला आणि तरी सकाळचा रुसवा राहिला, तर संशय एसएमपीएसवर. कॅबिनेटमधला तो पत्र्याचा डबा जो २३० व्होल्टचे १२, ५ आणि ३.३ करून देतो. त्यातले कपॅसिटर, म्हणजे वीज साठवणारे भाग, वयाने थकतात. रात्रभर गार पडल्यावर पहिल्या झटक्याला पुरेसा जोर देत नाहीत, जरा ऊब आली की देतात. ओळखायची एक ढोबळ खूण आहे. दुपारी मशीन दोन तास चालवून बंद करा आणि लगेच सुरू करा. तापलेलं असताना दर वेळी पटकन उठतं आणि फक्त गार असताना रुसतं, तर एसएमपीएस जास्त संशयास्पद. पण ही खूण आहे, पुरावा नाही. पुरावा एकच: चालू स्थितीतला दुसरा एसएमपीएस लावून दोन सकाळी बघणं.

हा डबा मात्र घरी उघडू नका. प्लग काढल्यावरही त्यातल्या मोठ्या कपॅसिटरमध्ये ३०० व्होल्टच्या वर चार्ज काही काळ बसून असू शकतो. बदलायचा असेल तर नाव असलेल्या कंपनीचा घ्या. स्वस्त कॅबिनेटबरोबर फुकट येणाऱ्या डब्यावरच्या ‘४५० वॉट’ या आकड्यावर मी कधीच भरवसा ठेवला नाही. हातात घेऊन वजन बघा, हलका असेल तर आतही हलकंच काम असतं.

अनवाणी असताना कॅबिनेटला हात लागला की झिणझिण्या येतात का? कोकणातल्या जुन्या घरांत ही तक्रार सर्रास आहे आणि लोक ती मशीनवर ढकलतात. एसएमपीएसच्या आतला फिल्टर थोडासा करंट पत्र्यावर सोडतो, तो अर्थिंगच्या वायरने जमिनीत जायला हवा. अर्थिंग नसली किंवा तुटली असली की तो तुमच्या बोटातून जातो. यासाठी मला बोलावू नका, वायरमन बोलवा. त्याने अर्थिंग खरी आहे का हे मीटर लावून तपासावं. तीन पिनांचा सॉकेट दिसतोय म्हणजे मागे तिसरी वायर आहेच असं नाही.

आता मुख्य मुद्द्यावर येतो. मदरबोर्ड खराब आहे हे थेट बघून फार कमी वेळा कळतं. जळकट डाग, फुगलेले कपॅसिटर, गंज असं काही दिसलं तर गोष्ट वेगळी. एरवी तो निष्कर्ष शेवटी उरतो. चांगली रॅम लावून बघितली, चांगला एसएमपीएस लावून बघितला, डिस्क काढून बघितली, दुसरा मॉनिटर जोडला आणि तरी उठत नाही, तेव्हा बोर्ड किंवा प्रोसेसर. त्यातही प्रोसेसर फार क्वचित मरतो. म्हणून दुसऱ्या टेक्निशियनला एवढंच विचारा: ‘काय काय लावून बघितलंत?’ जो खरंच शोधून आला असेल तो सांगेल, आनंदाने सांगेल, कारण आम्हाला आमची मेहनत सांगायला आवडते. जो चिडेल त्याने काही लावून बघितलेलं नसतं.

एक परीक्षा त्याच्यासमोरच करायला सांगा. बोर्डाला छोटा बझर लावायचा, रॅम पूर्ण काढायची आणि बटण दाबायचं. ‘रॅम नाही’ म्हणून बझर ओरडला तर बोर्ड आणि प्रोसेसर जागे आहेत, निदान तेवढं ओरडण्याइतके तरी. काळी स्क्रीन पडलेली असताना हे केलं तर जास्त उपयोगी. म्हणून मशीन दुकानात देताना रात्रभर तिथे ठेवा आणि सकाळी गार असताना तपासायला सांगा. दुपारी चारला दुकानात नेलेलं मशीन शहाण्या मुलासारखं सुरू होतं आणि टेक्निशियन तुमच्याकडे बघत राहतो, हा अनुभव तुम्हाला आलाच असेल.

तिसरा आजार, मंदपणा. तोच सगळ्यात सोपा आणि त्यावरचाच खर्च सगळ्यात सत्कारणी लागणारा आहे. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकदम दाबा, टास्क मॅनेजर उघडेल. मशीन सुरू झाल्यावरच्या पहिल्या दहा मिनिटांत डिस्कच्या रकान्यात १०० टक्के लाल-लाल दिसत असेल तर गुन्हेगार सापडला. हार्ड डिस्कमध्ये फिरणाऱ्या तबकडीवर एक सुई इकडून तिकडे धावते आणि अशा विखुरलेल्या जागा ती सेकंदाला शंभर-दीडशेच वाचू शकते. एसएसडीत, म्हणजे चिपांवर साठवणाऱ्या नव्या डिस्कमध्ये, सुईच नाही, ती असल्या हजारो जागा त्याच वेळात वाचते. विंडोज १० सुरू होताना हजारो छोट्या फाइली मागतं. ४ जीबी रॅम कमी पडली की उरलेलं सामान पुन्हा त्याच डिस्कवर ठेवतं. म्हणजे दोन बाजूंनी मारा त्या एका सुईवर.

पंधरा दिवस बरं का वाटलं तेही यातच आलं. फॉरमॅटनंतर अपडेट, प्रिंटरची सॉफ्टवेअरं, ब्राउझरची पिल्लं अजून परत आलेली नसतात. ती परतली की सुई पुन्हा दमली.

एसएसडी घाला. तुमच्या काळच्या काही बोर्डांवर एम-डॉट-टूची, म्हणजे पट्टीसारख्या एसएसडीची, खाच असते, काहींवर नसते, आत बघूनच ठरवा. अडीच इंची साटा एसएसडी मात्र हमखास बसते आणि घरच्या वापरात फरक ओळखू येत नाही. २५० जीबीच्या आसपासची पुरते. विंडोज तिच्यावर, आणि जुनी डिस्क निरोगी निघाली तर फोटोंची दुसरी प्रत ठेवायला ती आतच राहू द्या. रॅम ८ जीबी करा. २०२५ च्या अखेरीपासून रॅमचे भाव बरेच चढले आहेत, तेव्हा दोन्ही एकदम झेपत नसेल तर आधी एसएसडी, मग रॅम. वापरलेली डीडीआर-फोर रॅम तपासून घ्यायला माझी हरकत नाही, रॅम झिजत नाही. वापरलेली हार्ड डिस्क आणि वापरलेला एसएमपीएस मात्र फुकट मिळाला तरी घेऊ नका.

विंडोज १० बद्दल दुसऱ्याने सांगितलं ते अर्धं खरं आहे. १४ ऑक्टोबर २०२५ ला मायक्रोसॉफ्टने त्याचा नेहमीचा आधार थांबवला. मशीन बंद पडत नाही, पण नवी सुरक्षा अपडेट येत नाहीत. नोंदणी केली तर ती ऑक्टोबर २०२६ पर्यंत मिळतात. बँकेचं काम करत असाल तर हे सोडून देण्यासारखं नाही. उरलेलं अर्धं चूक आहे. इंटेलच्या बाबतीत विंडोज ११ ची रेषा आठव्या पिढीपाशीच आखलेली आहे आणि तुमचा प्रोसेसर रेषेच्या अलीकडे, म्हणजे आत आहे. मशीन ‘चालणार नाही’ म्हणत असेल तर बहुधा बायोसमध्ये पीटीटी (विंडोज ११ ला लागणारी सुरक्षेची सोय) बंद असेल आणि विंडोज जुन्या लेगसी पद्धतीने टाकलेलं असेल. नव्या एसएसडीवर यूईएफआय या नव्या पद्धतीने कोरं विंडोज ११ टाकलं की हा प्रश्न उरत नाही. तुमचं आताचं विंडोज १० खऱ्या परवान्याचं असेल तर त्याच बोर्डावर ११ बहुतेक आपोआप सक्रिय होतं, वेगळे पैसे लागत नाहीत. परवाना बोर्डाला बांधलेला असतो. बोर्ड उगाच बदलू नये याचं हेही एक कारण.

परवाना नसेल तर दुकानदार ‘क्रॅक’ टाकून देईल. टाकताना तो अँटिव्हायरस बंद करतो, कारण तो अँटिव्हायरस त्या क्रॅकलाच पकडतो. ज्या मशीनवर तुम्ही सोसायटीच्या बँक खात्यात शिरता तिथे हे चालवून घ्यायचं की नाही, तुम्हीच ठरवा. माझ्या दुकानात मी पंधराएक वर्षांपूर्वीपर्यंत हेच करत होतो, हे लपवत नाही.

फॉरमॅटवरून माझीच एक फजिती सांगतो. सुरुवातीच्या काळात लग्नपत्रिका छापणाऱ्या एकाचं मशीन मी न विचारता फॉरमॅट केलं. डी ड्राइव्हवरच्या फाइली शाबूत होत्या म्हणून निश्चिंत होतो. त्याने पत्रिका उघडली तर वधूवरांच्या नावांच्या जागी इंग्रजी अक्षरांचा नि चिन्हांचा चिवडा. फाइली होत्या, पण ज्या मराठी फाँटमध्ये त्या टाइप केल्या होत्या ते सी ड्राइव्हबरोबर गेले होते. मे महिना, दारात गिऱ्हाइकं. दोन दिवस मी गावभर ते फाँट शोधत फिरलो. तुमचे शाळेच्या काळातले प्रश्नसंच, परिपत्रकं श्रीलिपी, किरण किंवा आयएसएमच्या सुरेखमध्ये असतील तर विंडोजमधलं फाँट्सचं फोल्डरही कॉपी करून ठेवा. युनिकोडमधलं लिखाण कुठेही उघडतं, त्याची काळजी नाही. पहिल्या फॉरमॅटमध्ये असं काही आधीच गेलं असेल तर त्या काळच्या एखाद्या सहकाऱ्याच्या जुन्या मशीनवर फाँट सापडू शकतात.

दुकानात द्यायची वेळ आलीच तर तिथे लोक ‘सीपीयू’ म्हणून अख्खं कॅबिनेट देतात आणि पावती घेत नाहीत. आत काय काय आहे याचा, रॅम आणि डिस्कवरच्या सिरीयल नंबरसकट, फोटो काढून द्या. कागदावर लक्षण लिहा, निदान लिहू नका: ‘सकाळी गार असताना पंखा फिरतो, डिस्प्ले येत नाही’ असं. ‘मदरबोर्ड बघा’ लिहिलंत तर तो मदरबोर्डच बघेल. ‘विचारल्याशिवाय फॉरमॅट करू नये’ हे वाक्य त्याच कागदावर ठळक. खर्चाचा अंदाज आधी घ्या, बदललेला जुना भाग परत मागा, नव्या भागाचं बिल जीएसटी क्रमांकासह घ्या. एसएसडीवर साधारण तीन ते पाच वर्षांची वॉरंटी असते आणि ती सिरीयल नंबरवर चालते, तेव्हा बिलावर तो नंबर हवा. भाग बदलल्याचे पैसे घेऊन बदललाच नाही असं झालं आणि दुकानदार दाद देत नसेल, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे.

सगळं करून, लावून बघून, बोर्डच निघाला तर? चिप लेव्हल काम करणारा, म्हणजे बोर्डावरचे बारीक भाग बदलणारा, माणूस रत्नागिरी-कोल्हापूरकडे मिळेल, त्याला एकदा दाखवा, पण दुरुस्तीची हमी किती दिवसांची ते आधी विचारा. तुमच्या प्रोसेसरला बसणारा बोर्ड आता बहुतेक वापरलेलाच मिळतो. माझा हिशोब असा: बोर्डाचा खर्च नव्या मशीनच्या पावपटीच्या वर जात असेल तर करू नका. एसएसडी मात्र तेव्हाही वाया जात नाही, नव्या मशीनमध्ये जाते. म्हणून ती घ्यायला थांबायचं कारण नाही.

एनीडेस्कबद्दल. मुलगा बघतो त्यात काही गैर नाही, फक्त त्याच्यासाठी कायमचा पासवर्ड लावून ठेवू नका. दर वेळी त्याने फोन करावा, तुम्ही ‘ॲक्सेप्ट’ दाबावं, काम झालं की खिडकी बंद करावी. काळ्या स्क्रीनसाठी त्याचा उपयोग शून्य, हे त्यालाही सांगा, उगाच पुण्याहून जीव जाळत बसेल.

धोका वेगळाच आहे. एखाद्या दिवशी स्क्रीनभर लाल पाटी येईल, भोंगा वाजेल, ‘तुमचा संगणक लॉक झाला आहे, या क्रमांकावर फोन करा’ असं लिहिलेलं असेल, वर मायक्रोसॉफ्टचं चिन्ह. मायक्रोसॉफ्ट अशा सूचनेत फोन नंबर कधीच देत नाही. ते फक्त ब्राउझरचं एक पान असतं. एस्केप दाबून धरा, नाहीतर टास्क मॅनेजरमधून ब्राउझर बंद करा, तेही जमलं नाही तर सरळ बटण दाबून मशीन बंद करा. परत उघडताना ‘आधीची पानं आणू का’ विचारेल, नको म्हणा. त्या नंबरवर फोन केलात तर पलीकडचा माणूस पहिल्यांदा एनीडेस्कच टाकायला सांगतो, आणि तुम्हाला ते मुलामुळे ओळखीचं असल्याने संशयही येत नाही. पैसे गेलेच तर त्याच तासात १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन करा, मग बँकेला. मला किंवा मुलाला नंतर.